अन्यत्र योग्य ठिकाणी

दत्तजयंतीचा मांडव उतरण्याआधीच नोटीस लागली. सोसायटीच्या फळ्यावर, टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी, चार टाचण्यांनी. ओढ्यापलीकडच्या मोकळ्या भूखंडाचं आरक्षण बदलून तिथं ‘श्वान निवारा केंद्र’ उभारण्याचं योजलं आहे, कोणाच्या हरकती व सूचना असल्यास त्या तीस दिवसांच्या आत लेखी द्याव्यात. खाली सही, सहीवर शिक्का.

मी ती दोनदा वाचली. एकदा मजकुरासाठी, एकदा भाषेसाठी. शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवल्यावर ही खोड जात नाही. आमच्या गल्लीतली कुत्री नोटिशीत ‘श्वान’ झाली होती. चावलं की ते कुत्रं असतं, नुसतं फिरत असलं की भटकं, वर्तमानपत्रात मोकाट, आणि सरकार त्याच्यासाठी काही करायला निघालं की त्याला एकदम संस्कृत चढतं. ‘निवारा’ हा शब्दही कुणीतरी जपून निवडला असणार. ‘कोंडवाडा’ असं लिहिता आलं असतं. माझ्या आजोळी चावडीमागे कोंडवाडा होता. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर तिथं जायचं आणि मालक दंड भरून, शिव्या मोजत, त्याला सोडवून न्यायचा. कोंडवाडा कितीही वाईट असला तरी त्यातल्या जनावराला कुणीतरी सोडवायला येणार असतं. निवाऱ्यात जाणाऱ्याला ती सोय नाही.

शहराचं नाव सांगत नाही. वाढत्या शहराच्या कडेला अशी एक वसाहत, असा एक ओढा आणि ओढ्यापलीकडे असा एक प्लॉट असतोच. आमच्या प्लॉटवर विकास आराखड्यात क्रीडांगणाचं आरक्षण होतं. क्रीडांगण कधी झालं नाही. घाणेरी माजली, वेड्या बाभळी आल्या, मधोमध पोरांनी क्रिकेटपुरती एक पट्टी तुडवून ठेवली. म्हणजे एका अर्थी आरक्षण पाळलंच गेलं. ते बदलायचं तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली लोकांना विचारावं लागतं. मला हे कलम पाठ आहे, कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार मीच केला.

गल्लीत तेव्हा सात कुत्री होती. काळ्या भंगारवाल्याच्या हातगाडीखाली, बंड्या मेडिकलच्या पायरीवर, दोन पांढरी सख्खी भावंडं इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली, जिथं हिवाळ्यात वरून ऊब झिरपते. सगळ्यांत थोरली लाली. तांबूस, एका डोळ्याभोवती काळं, कानाला खाच. खाच म्हणजे नसबंदी झालेली, लस टोचलेली. ती पालिकेच्या शाळेच्या फाटकाशी झोपायची. त्यामागे विद्याप्रेम नव्हतं, पोषण आहाराची खिचडी उरायची. या कुत्र्यांना घर नव्हतं, पण पत्ता होता. कुणी नवखा गल्लीत शिरला की कुठल्या कुत्र्याच्या हद्दीत आपण आहोत ते त्याला भुंकण्यावरून कळायचं.

पत्ता शाळेचा होता, हेच पुढे लालीला नडलं.

२०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, बरं होईस्तोवर ठेवायचं आणि जिथून उचललं तिथंच नेऊन सोडायचं. लाली तशीच सुटून आलेली. मग २०२५ साल उजाडलं. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि भोवतालची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितली. देशभर गदारोळ झाला. अकरा दिवसांनी, २२ तारखेला, तिघांच्या पीठानं ते सौम्य केलं: पिसाळलेली आणि हिंस्र सोडून बाकीची लस देऊन परत सोडा, खायला मात्र ठरलेल्या जागीच घाला. आणि ७ नोव्हेंबरला तिसरा आदेश आला. शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचला, निवाऱ्यात न्या, पुन्हा तिथं सोडू नका. न्यायालयानं ‘निवाऱ्यात’ असं म्हटलं. निवारा कुठं बांधायचा हा प्रश्न फिरत फिरत आमच्या फळ्यावर येऊन चार टाचण्यांनी लटकला.

सभा दत्तमंदिराच्या मंडपात झाली. दुसरी जागा नव्हती आणि खुर्च्या तिथंच होत्या. देवाच्या पायाशी संगमरवरी चार कुत्री, जयंतीनिमित्त नवा रंग दिलेली, गळ्यात झेंडूच्या माळा. यातला विनोद तुम्हाला सुचला असेल तर तो आम्हालाही सुचला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सभा सुरू व्हायच्या आधीच तो करून टाकला, सगळे हसले, आणि मग कामाला लागले. विनोद झाला की माणसं कशी मोकळी होतात!

हरकती भराभर आल्या. वास येणार. वारा तिकडूनच असतो. रात्रभर भुंकणार, मुलांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर. धुतलेलं पाणी ओढ्यात सोडणार, ओढ्याला डास. इथली म्हणून बाहेरची कुत्री आणून भरणार. एक आजी म्हणाल्या, रात्री कुत्रं रडलं की मला झोप लागत नाही, आमचे हे गेले त्या रात्री रडत होतं. त्यावर कुणी काही बोललं नाही. निवृत्त इंजिनियर होते ते म्हणाले की पालिका बांधते झकास, पुढं बघत नाही. बागेतलं कारंजं बघा. स्त्रियांसाठीचं स्वच्छतागृह बघा, उद्‌घाटनाच्या कुलपासकट तसंच आहे. हे अगदी खरं होतं. खोटं त्या सभेत कुणीच काही बोललं नाही, ही गोष्ट मला अजून छळते. फ्लॅटचे भाव पडतील हे मात्र मोठ्यानं कुणी म्हटलं नाही. ते जो तो शेजारच्याच्या कानात म्हणाला.

मग सेक्रेटरींनी माझ्याकडे वळून म्हटलं, “बाई, अर्ज तुम्हीच लिहा. तुमच्या मराठीला वजन आहे.”

लिहिला. त्या रात्री जेवणं झाल्यावर बसले आणि दीड तासात लिहिला. ‘आमचा मुक्या प्राण्यांना विरोध नाही, परंतु’ अशी सुरुवात केली. परंतु हा फार गुणी शब्द आहे. त्याच्या अलीकडे भूतदया ठेवता येते, पलीकडे ओढा. हरकतींना क्रमांक घातले. परीक्षा पहिल्या, आरोग्य दुसरं, ओढा तिसरा. फ्लॅटच्या भावाला सातवा क्रमांक दिला, म्हणजे तो मनात सर्वांत शेवटी आला असं वाटावं, आणि त्याला ‘स्थावर मालमत्तेच्या मूल्यावरील प्रतिकूल परिणाम’ असं धूतवस्त्र नेसवलं. शेवटी लिहिलं: ‘तरी सदर केंद्र अन्यत्र योग्य ठिकाणी उभारण्यात यावे, ही नम्र विनंती.’ २११ सह्या झाल्या. पहिली माझी.

हे लिहिताना हात कुठंतरी अडखळला होता. का, ते सह्यांचा कागद फाइलला लावताना समजलं. ‘योग्य ठिकाणी’ हे शब्द मी चार महिन्यांपूर्वीच एकदा वापरले होते.

ऑगस्टात आमच्या वॉचमनमामांच्या नातवाला कुत्रं चावलं. सहा वर्षांचा पोरगा, गावाकडून आजोबांकडे आलेला, संध्याकाळी दूध आणायला गेला होता. पोटरीचा लचकाच तुटला. कुठल्या कुत्र्यानं, ते त्याला सांगता येईना, आणि तपास करायला वेळ कुणाला होता? मी मामांबरोबर रिक्षानं पालिकेच्या दवाखान्यात गेले. जखम साबणाच्या पाण्यानं धू धू धुतली, तिच्या कडेनं सुई टोचून औषध सोडलं, तेव्हा तो पोरगा ओरडला नाही, त्यानं माझी बांगडी धरून ठेवली. मग लशीच्या तारखांचं कार्ड मिळालं. आज, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. माझ्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनं असत आणि त्या चौदाच्या धाकानंच आम्ही कुत्र्यापासून चार हात लांब राहायचो. आता ती गेली, पण रोग तोच आहे. एकदा लक्षणं दिसली की माणूस हाती लागत नाही. कुत्र्यांविषयी लळ्यानं लिहिणाऱ्यांनी ती पोटरी पाहिलेली नसते, म्हणून हे सांगितलं. महिनाभर तो पोरगा फाटकाबाहेर पडला नाही, आणि मग त्याच्या आईनं त्याला परत नेलं.

तेव्हा मी गल्लीच्या वतीनं पहिला अर्ज लिहिला होता: ‘सदर भटक्या कुत्र्यांना तातडीने पकडून योग्य ठिकाणी ठेवण्यात यावे.’ त्यावरही याच लोकांच्या सह्या होत्या. पालिकेनं म्हणायला हवं होतं, बाई, तुमचा ऑगस्टचा अर्ज मंजूर झाला, हे घ्या योग्य ठिकाण. दोन्ही अर्ज एकाच टेबलावर गेले असतील. एकाच कारकुनानं आवक क्रमांक टाकला असेल. त्याला हसू आलं असेल का, या विचारानं मला बरेच दिवस कानकोंडं झालं.

मी मूळची गिरगावची. सी. पी. टँकजवळच्या चाळीत वाढले. तलाव कधीच बुजवलेला, नाव तेवढं राहिलेलं. खिडकीतून दिसायची नाही, पण वाऱ्यावर रोज यायची ती भुलेश्वरची पांजरापोळ. शेण, ओला चारा, गोमूत्र आणि माधवबागेतल्या फुलांचा वास मिळून एक वास व्हायचा, त्याला आमच्यात नाव नव्हतं. दादरहून मैत्रीण आली की नाकाला रुमाल लावायची, तेव्हा कळायचं की हा वास आहे. संक्रांतीला आजी मला तिथं न्यायची. दारातच चाऱ्याच्या पेंड्या विकायला बसलेल्या बायका, आत ओळीनं गाई, लंगड्या, आंधळ्या, म्हाताऱ्या, आणि गर्दी अशी की चारा गाईच्या तोंडापर्यंत पोचवायला कोपरं चालवावी लागत. सोन्याचांदीच्या बाजाराला लागून, कापडाच्या गल्ल्यांना लागून, मुंबईतल्या महागड्या जमिनीवर ही जनावरं रवंथ करत बसलेली असायची आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मराठीत मात्र आम्ही तिचा सूड घेतला. एखाद्या हापिसात निरुपयोगी माणसं भरली की ‘ही काय पांजरापोळ आहे का’ असं म्हणायची चाल आहेच.

ती गाईंसाठी निघालेली नाही, कुत्र्यांमुळे निघालेली आहे, हे मला फार उशिरा कळलं. १८३२ साली कंपनी सरकारनं मुंबईतली मोकाट कुत्री मारायचा सपाटा लावला होता, कुत्र्यामागे आठ आणे. आठ आण्यांपायी माणसं घरांच्या आवारातूनही कुत्री ओढून न्यायला लागली. जूनमध्ये पारशांच्या सणाच्या दिवशीच हा प्रकार झाला आणि कोटात दंगल पेटली. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेला की त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, गोऱ्या पलटणीला जाणारं पाव-पाणी अडलं, लष्कर बोलवावं लागलं. पुढे दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्या बरोबरीच्या गुजराती-जैन व्यापाऱ्यांनी पांजरापोळ काढली. मारायचं नसेल तर ठेवायचं कुठं, या सरकारी प्रश्नाला सावकारी उत्तर. गाई आल्या आणि पुढं त्यांनीच घर व्यापलं.

यातून मला पूर्वीच्या मुंबईला सोन्याचा कळस चढवायचा नाही. त्या व्यापाऱ्यांना शेजाऱ्यांच्या हरकती मागवाव्या लागल्या नव्हत्या. आमच्यासारखे चाळकरी नंतर आले, गाई आधीपासून होत्या, त्यामुळे हरकत घ्यायची ती गाईंनी. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तसंच. त्याचं खरं नाव बाई साकरबाई पेटिट यांचं, पण टॅक्सीवाल्यालाही बैलघोडाच कळतं. ते झालं तेव्हा परळ म्हणजे गावाबाहेर. आता टॉवरच्या विसाव्या मजल्यावरून खालची लंगडी घोडी दिसते. चेंबूरला तर पांजरापोळ हा नुसता बसचा थांबा आणि फ्रीवेवरचं एक नाव झालं आहे, तिथं उतरणाऱ्यांतल्या किती जणांना त्या शब्दात जनावर दिसत असेल! शहरानं ही ठिकाणं जवळ बोलावली नाहीत. शहरच त्यांच्याजवळ गेलं आणि मग त्यांना उठवायचं राहून गेलं. सुचलंच नाही की धाडस झालं नाही, कोण जाणे.

आता उठवतात. २०२५ च्या ऑगस्टात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला. दाण्याला पैसे देणारे रस्त्यावर आले, श्वास लागणारे कोर्टात होतेच. मग कबुतरांसाठी पर्यायी जागा निघाल्या. वरळी, लोखंडवाला, ऐरोली-मुलुंड, गोराई. आणि तिथूनही विरोधाचे सूर लागले. कबुतराला निदान पंख आहेत.

आमच्याकडे निवडणूक आली. राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान १५ जानेवारीला होतं आणि एवढ्या वर्षांनी होत होतं की उमेदवारांना आमच्या गल्लीचं नाव पुन्हा पाठ करावं लागलं. प्रत्येक पक्षाचा माणूस येऊन ओढ्याकडे बोट दाखवून ‘हे होऊ देणार नाही’ असं सांगून गेला. रस्ता, पाणी, कचरा यांवर इतकं एकमत मी पाहिलेलं नाही. प्रचाराच्या रिक्षामागे काळ्या भुंकत धावायचा. तो कोणत्याच पक्षाचा नव्हता, त्याचा आक्षेप भोंग्याला होता.

निवडणुकीनंतर सुनावणी झाली. मोठ्या साहेबांच्या दालनात आम्ही अकरा जण. समोर पालिकेचा पशुवैद्यक, विशी नुकतीच ओलांडलेला वाटावा असा पोरगेला, हातांवर ओरखड्यांच्या जुन्या रेघा. त्यानं नकाशा पसरला. पिंजरे कुठं, शस्त्रक्रियेची खोली कुठं, सांडपाणी कुठल्या टाकीत जाऊन मुरणार. आमचे इंजिनियर टाकीच्या मापात चुका काढत होते आणि तो त्या लिहून घेत होता. मला ते आवडलं. मग तो म्हणाला की गल्लीतली लस दिलेली सात कुत्री तुम्ही हलवलीत तर जागा मोकळी राहणार नाही, खायला आहे तोवर दुसरी येतील आणि त्यांना लस असेलच असं नाही. यावर आमच्यातल्या एकानं आवाज चढवला. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

बाहेर पडताना जिन्यात तो माझ्या बरोबरीनं आला. “मॅडम, अर्ज तुम्ही लिहिलाय ना? माझी आई पण शिक्षिका.” मी हो म्हटलं. तो म्हणाला, “मला तुमच्यासारखेच शेजारी हवे होते.”

मला वाटलं टोमणा आहे. तसं नव्हतं. “वास आला की तुम्ही अर्ज कराल,” तो म्हणाला. “रात्री फार रडायला लागली की सकाळी येऊन विचाराल, आज यांना खायला मिळालं का. फोटो काढाल. मग ठेकेदाराला रोज धुवावं लागेल. लांब रानात शेड बांधली तर तिथं काय चालतं ते कोण बघणार? मी एकटा आहे, आठवड्यात दोनदा जाईन फार तर.” आणि जिना संपल्यावर, स्कूटरला किक मारता मारता: “तक्रार करणारे शेजारी म्हणजेच देखरेख असते. दुसरी कुठली देखरेख नसतेच आपल्याकडे.”

वसाहतीत येईपर्यंत मी हे कुणाला सांगितलं नाही. आल्यावरही नाही. सांगता आलं असतं. दत्ताच्या मंडपात उभं राहून म्हणता आलं असतं की जागा हीच राहू द्या, पण अटी घालू. आठवड्याला आपल्यातले दोघं जाऊन बघतील, टाकीचं माप असं पाहिजे, रात्री आत माणूस पाहिजे. नोटिशीत ‘हरकती व सूचना’ असं लिहिलेलं होतं. आम्ही २११ जण मिळून एकही सूचना लिहू शकलो नाही, आणि त्यांतली एक तर शब्दांवरच जगलेली. पण मला वास नको होता. खरं सांगायचं तर वासही नाही, कुठलाही वास मी लहानपणीच पचवला आहे. मला रात्री ते ऐकायचं नव्हतं.

फेब्रुवारीत जागा बदलल्याचं कळलं. केंद्र कचरा डेपोलगत जाणार. पेढे वाटले. आमच्या घरीही आले, केशरी, पुठ्ठ्याच्या डब्यातून. मी खाल्ला.

पक्कं बांधकाम व्हायला वेळ लागणार होता, पण पत्र्याची शेड महिन्याभरात उभी राहिली आणि मार्चात एका सकाळी पालिकेची गाडी शाळेपाशी आली. जाळी टाकून त्यांनी दोन कुत्री धरली. लालीला जाळी लागली नाही. ती माणसांना सरावलेली, मागच्या वेळी याच गाडीतून परत आलेली, ती बिस्किटावर चालत गेली आणि गाडीत चढून बसली. शाळेतली पोरं फाटकाला लोंबकळून ‘लाली, लाली’ ओरडत होती. तिनं वळून पाहिलं, शेपूट हलवलं. फाटकाशी तिच्या अंगानं घासून गुळगुळीत झालेली फरशी होती, तिच्यावर आठवड्याभरात धूळ बसली. दुसऱ्या आठवड्यात एक अनोळखी, खरूज झालेला कुत्रा तिथं येऊन बसला. त्याच्या कानाला खाच नव्हती.

एप्रिलात मी डेपोकडे गेले. का गेले ते घरी सांगितलं नाही. मुलगा म्हणाला असता, आई, तुला उन्हात काय सुचतं. रिक्षावाला डेपोच्या फाट्यापर्यंतच आला, पुढं चाकं खराब होतात म्हणाला. तिथून चालत. डेपोचा डोंगर एका बाजूनं धुमसत होता आणि वर घारी फिरत होत्या. पायथ्याशी वस्ती. पत्रे, फ्लेक्सचं कापड, वेचलेल्या बाटल्यांची पोती. आमच्या दुसऱ्या अर्जात वाऱ्याची दिशा होती, ओढ्याचा उतार होता, पण हे ‘अन्यत्र’ जिथं आहे तिथं कुणी राहत असेल, हे त्यात कुठं नव्हतं.

शेडचं दार लोखंडी, बाहेरून कुलूप. रखवालदार नव्हता. पत्र्याच्या फटीतून आधी वास आला, मग उष्मा, मग माझी चाहूल लागून सगळी एकदम भुंकली. त्या आवाजाला आकार नसतो, पत्र्यावर आदळून तो दुप्पट होतो. फटीला डोळा लावून मी पाहिलं. एका डोळ्याभोवती काळं असलेलं तांबूस काहीतरी मागच्या भिंतीशी, ओल्या सिमेंटवर, पोट टेकून पडलेलं दिसलं. “लाली,” मी म्हटलं. कान हलला. तिचा की शेजारच्या कुत्र्याचा, ते सांगता येत नाही.

मागं नळावर एक बाई हंडा लावून उभी होती. माझ्याच वयाची असेल, कमी असेल. ती बराच वेळ मला बघत असावी.

“तुमचंय का त्यातलं एखादं?” तिनं विचारलं.

“आमच्या गल्लीतलं आहे,” मी म्हटलं.

“रातचं समदी मिळून रडत्यात.” तिनं हंडा नळाखाली सरळ केला. “लेकराला झोप न्हाई. पानी बी तिकडून आमच्या दारात येतं. कुनी बघत न्हाई. मानूस येतो, भात टाकून जातो. कवा येतो, कवा न्हाई.”

“तुम्ही तक्रार नाही केलीत?”

ती माझ्याकडे बघून हसली, तोंडाला पदर लावून. मग माझ्या पर्सकडे, चष्म्याकडे पाहिलं. “तुमी मास्तरीन हाय का?”

मी हो म्हटलं.

हंडा तसाच नळाखाली ठेवून ती झोपडीत गेली. पाणी भरून काठावरून वाहायला लागलं तरी ती बाहेर आली नाही. मग आली ती हातात नातवाची चौकटीची वही घेऊन, मधलं एक पान काळजीपूर्वक फाडत. “मग लिवून द्या की बाई एक अर्ज. हितनं हे हलवा म्हनून. अंगठे आमी समदे देतो.”

मी कट्ट्यावर बसले. पेनाचं टोपण काढलं, वर तारीख घातली, विषय लिहिला. मजकुराच्या शेवटच्या ओळीपाशी आल्यावर थांबून विचारलं, “कुठं हलवावं असं लिहू?”

तिनं हंडा उचलून डोक्यावर घेतला, चुंबळ नीट केली.

“ते तुमी बघा,” ती म्हणाली. “लांब कुटंतरी.”